रोम. ११:२८-२९ : ‘निवड’, ‘वरण’ की आणखी काही?

कानामात्रा : व्हॅटिकनच्या यहुदी-संबंध आयोगाने १० डिसेंबर २०१५ला काढलेल्या दस्तऐवजाचं शीर्षक मराठीत आणायचंय. ते बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रातल्या ११:२९वरून घेतलंय. देवाची दानं आणि पाचारण (बोलावणं)... पुढे गाडी अडते. ग्रीक ‘आमेतामेलेता’ म्हणजे ज्याचा पस्तावा होत नाही असं. ‘अपरिवर्तनीय’मध्ये पस्तावा कुठेच नाही. शिवाय आदल्या वचनातल्या ‘एक्लोगे’ला ‘निवड’ म्हणू की ‘वरण’?

तत्सम : वरण. कठोपनिषदातलं ‘यमेवैष वृणुते तेन लभ्यः’ आठवा. तिथेही निवडणारा तोच, साधकाची हुशारी कामाची नाही. शीर्षकाला ‘अप्रत्याहार्य’, म्हणजे परत न घेता येणारं.

फोडणी : ‘यहुद्यांचे वरण’ छापणार असाल तर तूप-लिंबाचंही बघा.

ओवी : थट्टा राहू द्या, खोच ‘निवड’मध्येच आहे. आपण तांदूळ निवडतो म्हणजे खडे फेकतो. अकराव्या अध्यायात ‘एक्लोगे’ ५, ७ आणि २८ या वचनांत येतो. सातव्यात त्याचा अर्थ निवडलेली माणसं, आणि लगेच ‘बाकीचे’ येतात, ज्यांची मनं कठीण झाली. तिथे ‘निवडलेले’ चपखल. अठ्ठाविसाव्यात तोच शब्द सुवार्ता न मानणाऱ्या इस्राएलाबद्दल आहे: पूर्वजांमुळे ते प्रियच. इथेही ‘निवडलेले’ लिहिलंत की वाचक विचारणार, मग टाकलेले कोण? शतकानुशतकं चर्चचं उत्तर ‘यहुदी, त्यांची जागा आता आम्ही घेतली’ असंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने (२,२२१ विरुद्ध ८८ मतं) चौथ्या कलमात बजावलं की यहुद्यांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून रंगवू नका. म्हणून ७ला ‘निवडलेले’, २८ला ‘निवडीच्या दृष्टीने’, आणि खाली टीप.

तत्सम : पौल मुद्दाम एकच शब्द फिरवतो. तुम्ही दोन केलेत तर युक्तिवादाचा सांधाच निखळला.

ओवी : धातू एकच आहे की! ‘निवडलेले’ आणि ‘निवड’ वेगळे वाटतात तुम्हाला?

कानामात्रा : लॅटिन बायबलात ‘सिने पेनितेन्तिया’, पश्चात्तापाविना. मग ‘देव दिल्या शब्दाला फिरत नाही’?

फोडणी : छान, पण दानं आणि पाचारण दोन्ही गायब. ‘देव दिलेलं परत मागत नाही’ म्हणाल तर बोलावणं राहून जातं.

समास : शीर्षक एकट्याने सुटणार नाही, दस्तऐवजाच्या मजकुराशी जुळवा. चाळिसाव्या परिच्छेदात म्हटलंय की कॅथलिक चर्च यहुद्यांसाठी खास संस्थात्मक मिशनकार्य चालवत नाही, त्याला पाठिंबाही देत नाही. पण तारणाच्या दोन समांतर वाटाही त्याच दस्तऐवजाला अमान्य. निवड कायम, तारण मात्र ख्रिस्तातूनच. हे कसं जुळतं ते देवाचं गूढ म्हणून सोडलंय. त्यामुळे ‘अबाधित’ बरा. उलट १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या (प्रॉटेस्टंट टीपांसह छापलेल्या बायबलच्या) परंपरेत इस्राएल आणि मंडळी (चर्च) यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत. त्यांच्यासाठी भाषांतर करणारा ‘वचन’ हा शब्द घेईल, कारण तिथे भूमीचं वचनही शाबूत आहे.

ओवी : म्हणूनच नुसतं ‘इस्राएल’ लिहू नका, लोक राष्ट्र समजतात. व्हॅटिकनच्या १९८५च्या टिपणात स्पष्ट आहे, त्या राज्याकडे धार्मिक नव्हे, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांनी पाहावं. ‘यहुदी लोक’ लिहा.

फोडणी : आणि कोकणातले यहुदी, शनवार तेली? ते स्वतःला बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे इस्राएलाची मुलं. राज्य झालं १९४८ला, नाव कितीतरी आधीचं.

तत्सम : ‘यहुदी’ ऱ्हस्व कशाला? छापील बायबलात ‘यहूदी’ आहे.

समास : शब्द तत्सम नाही. शेवटी दीर्घ ‘ई’ असेल तर मराठीत आधीचा उकार ऱ्हस्वच.

तत्सम : मग ‘ज्यू’ लिहा, वादच मिटला.

ओवी : मिटला? आता अनेकवचनी षष्ठी करून दाखवा.