कॅरव्हॅनने फोंडा ते कन्याकुमारी: दिवसाला किती किमी मारायचे? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा सल्ला द्या. नाताळच्या सुट्टीत गोव्यातल्या फोंड्याहून कॅरव्हॅन भाड्याने घेऊन एनएच ६६ धरून खाली खाली जायचं ठरतंय, जमलं तर थेट कन्याकुमारी. गाडी ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली आहे, आत झोपायची सोय, छोटं किचन, टॉयलेट, टपावर एसी. आम्ही दोघं, दोन पोरं, सासू-सासरे. चालवणार मी, कारण आमच्या ह्यांना घाट म्हटला की घाम फुटतो. सासूबाईंना गाडी लागते हेही आत्ताच सांगून ठेवते.

घोळ असा झालाय की माझा दादा असतो टेक्सासला, तो म्हणतो तिकडे आरव्हीवाल्यांचा (आरव्ही म्हणजे तिकडची कॅरव्हॅन) ३-३-३ चा नियम असतो, दिवसाला ३०० मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामाला पोचायचं आणि तिथे ३ रात्री राहायचं. ३०० मैल म्हणजे जवळजवळ ४८० किमी! हे ऐकून ह्यांनी लगेच एक्सेल उघडलं आणि पहिलाच मुक्काम थेट केरळातल्या बेकलला टाकला. मला हे काही पटत नाहीये पण माझ्याकडे दुसरा आकडाही नाही. तुमच्यापैकी कोणी अशी गाडी चालवली असेल तर सांगा, झेपेल इतकं अंतर किती?

घाटपांडे_नव्हे
ताई, बेकल विसरा. दादांचा नियम चुकीचा नाही, पण तो तिकडच्या इंटरस्टेटचा आहे, जिथे एकदा गाडी लेनला लावली की तासाला शंभरच्या आसपास तासन् तास चालते, मध्ये गाय नाही, गतिरोधक नाही, उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला नाही. आपल्याकडे अशा गाडीचा सरासरी वेग ३५-४० धरा, चहापाणी वेगळं. म्हणजे १५० किमीला चार तास. मी तर म्हणेन रोजचं १५० धरा, अगदीच रस्ता मोकळा मिळाला तर २००, त्याच्या वर नाही. मॅप जो वेळ दाखवतो तो कारचा असतो, त्याची दीडपट करायची. आणि किमी मोजूच नका खरं तर, तास मोजा. स्टिअरिंगवर चार तास झाले की बास. कार चालवून माणूस थकतो त्यापेक्षा ही उंच, जड गाडी चालवून जास्त थकतो, बाजूने ट्रक गेला की गाडी ओढल्यासारखी होते, त्यात मागे भांडी वाजतायत आणि पोरं भांडतायत.

फ्रीमाँटकर
इथे अमेरिकेत राहतो म्हणून भर घालतो. ३-३-३ हा काही कायदा नाही, बरेच जण २-२-२ पाळतात, म्हणजे २०० मैल, दुपारी २ पर्यंत पोचा, २ रात्री राहा. माझ्या मते ह्यातला मैलांचा आकडा सगळ्यात बिनमहत्त्वाचा, घड्याळाचा आकडा खरा. उजेडात पोचलात तर गाडी सपाट लावता येते, नाहीतर फ्रिज रुसतो आणि झोपताना डोकं खाली पाय वर. शिवाय इथे कॅम्पग्राउंडवर वीज, पाणी, सांडपाण्याचा पाइप सगळं जागेवर तयार असतं. तुम्हाला ते रोज शोधावं लागणार, त्याचा वेळ ड्रायव्हिंगमधूनच कापा.

रातकिडा
मी उलट सांगतो. रात्री ११ ला निघा, पोरं झोपतात, ट्रॅफिक नाही, सकाळी उडुपीत इडली-सांबार. आम्ही कारने नेहमी असंच जातो.

घाटपांडे_नव्हे
@रातकिडा कारने जाता ना. मागे म्हातारी माणसं बेडवर आडवी झोपलेली असताना, बेल्ट नसताना, रात्री एकटीने चालवायचं? चालू गाडीत सगळ्यांनी सीटवर बसून बेल्ट लावायचा, बेड फक्त मुक्कामाला. आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करूनच गाडी हलवायची, हे लिहायचं राहिलं होतं.

चावडीवरून
काणकोणचा आहे, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. फोंडा-बोरी-मडगाव करून कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट. घाट मोठा नाही पण वळणं आहेत, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि न्याहारी हलकी ठेवा. घाट उतरलात की बायपास मस्त आहे, पोळ्यापर्यंत (गोव्याच्या हद्दीवरचं गाव) कटकट नाही. टाकी पोळ्याच्या अलीकडेच फुल करा, डिझेल कर्नाटक-केरळपेक्षा आपल्याकडे स्वस्त. पुढे कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला तेव्हापासून नव्या पुलावर भार आलाय, सकाळी लवकर ओलांडलात तर बरं. फोंडा ते गोकर्ण साधारण १५०, गोकर्ण-मुर्डेश्वर ८०, मुर्डेश्वर-उडुपी १००. मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, तिथे थांबणं होणारच, तो तास आधीच धरा. केरळात जिथे सहापदरीचं काम चालू असेल तिथे डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, तिथे १२० सुद्धा जास्त होतात.

आणि आपल्याकडे गोव्यात किनाऱ्यावर गाडी लावून भाताचा कुकर चढवू नका हां, पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला २०१९ पासून बंदी आहे, सुरुवातीला एकट्याला २००० आणि ग्रुपला १०,००० दंड होता, २०२५ मध्ये तो वाढवला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, @रातकिडा तुमचेही, ह्यांना तुमचाच प्रतिसाद सगळ्यात आवडला 🙂 पण चालवणार मी! एक्सेल नव्याने केलंय. गोकर्णला दोन रात्री, मग मुर्डेश्वरला नुसतं दर्शन आणि जेवण करून उडुपी, तिथे दोन रात्री, मग बेकल. कन्याकुमारी कापली. तेवढ्या दिवसांत जाणं-येणं मिळून दोन हजार किमी होतात, म्हणजे सुट्टीभर मी ड्रायव्हरच. आता प्रश्न रात्रीचा, गाडी उभी करायची कुठे? आणि गोकर्णात ही गाडी आत जाईल का?

चावडीवरून
मादनगेरीला हायवे सोडला की गोकर्ण दहाएक किमी आत. गावात देवळाकडच्या रथबीदीत अजिबात शिरू नका, अरुंद आहे, मागे घेताना रडाल. गावाबाहेर अंगण असलेला होमस्टे बघा, खोली एकच घ्या सासू-सासऱ्यांसाठी आणि अंगणात गाडी लावायची परवानगी मागा. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: फाटकाची उंची आणि वरून जाणाऱ्या वायरी, १५ अँपिअरचा प्लग (साध्या प्लगवर टपावरचा एसी ओढणार नाही), आणि टाकी भरायला नळ. गाडीची उंची भाड्याने देणाऱ्याकडून एसीसकट मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

घाटपांडे_नव्हे
उडुपी-बेकल १२०च्या वर जातं आणि मध्ये मंगळूर शहर आहे. त्या दिवशी सकाळी ७ ला चाकं हलली पाहिजेत. सासऱ्यांची पूजा वगैरे असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.