ताडोबा, एप्रिलअखेर आणि आईची कंबर – मदत हवी आहे

मंडळी, आईला वाघ दाखवायचाय. तिचं माहेर चिमूरजवळचं. लहानपणी पहाटे मोहफुलं वेचायला जायची तेव्हा वाटेत ताजी पावलं दिसायची, एकदा गोठ्यातली कालवडही गेली. वाघ मात्र कधी दिसला नाही. आता ती ६९ची आहे. 'आमच्या गावचा वाघ मुंबईची माणसं बघून जातात' हे रोजचं पालुपद. तेव्हा ताडोबाच, कान्हा-पेंच सुचवू नका.

चौघं आहोत: आई, आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे उमरेड-भिसी-चिमूरवरून कोलारा गेट. सोमवार ते बुधवार, रोज एक सफारी असा बेत आहे. पाणवठ्यांमुळे एप्रिलअखेर बरी म्हणतात, पण पारा ४५च्या घरात. आई म्हणते, "मला ऊन शिकवतोस?" खरी काळजी तिच्या कमरेची. जिप्सीत चार तास झेपेल का? आणि तिन्ही सफाऱ्या कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या गाभ्यात) घ्याव्यात की एखादी बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात)?

बुकिंग यंदा मीच करणार. मागे मित्रांबरोबर गेलो तेव्हा एजंटाने ओळखपत्राचा नंबर चुकीचा टाकला आणि सकाळची फेरी गेटवरच संपली. दुपारी पाण्यात बसलेल्या वाघिणीचे दोन कान दिसले, भोवती अकरा जिप्सी. आईला असं दाखवायचं नाहीये.

बांबूबन:
आधी कॅलेंडर बघा. मंगळवारी कोअर बंद असतं! तो दिवस बफरला द्या. बफर म्हणजे दुय्यम असं मुळीच नाही, वाघांना कुठे हद्द कळते.

काकूंना मधल्या रांगेत बसवा. मागची सीट बरोबर चाकांवर येते, प्रत्येक खड्डा मणक्यात जातो. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पैसे गाडीचे असतात, त्यामुळे चौघांतच पूर्ण गाडी घ्या, पाय पसरता येतील. उन्हाळ्यात सकाळचीच फेरी धरा. मध्ये ठरावीक जागीच उतरता येतं, तेव्हा निघण्याआधी चहा बेताने. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, कॅमेरा चालतो. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ सोबत ठेवा.

आणि गाईडला आधीच सांगा: पळापळ नको. एका पाणवठ्यावर गाडी बंद करून थांबा. वानर खाकरलं, सांबर ओरडलं की समजायचं, कुणीतरी चालतंय. बाकी वाघाची हमी कुणी दिली तर त्याला पैसे देऊ नका.

धागाकर्ता:
मंगळवार! बरं झालं विचारलं. आईला पाणवठ्याचं सांगितलं, तर म्हणाली, "मग तुझ्या पोराला चार तास गप्प कोण बसवणार?" यावरही कुणाकडे उपाय असेल तर सांगा.