जेआरएफचे पैसे अडकलेत, थेट दिल्लीला शिक्षण मंत्रालयाला पत्र घालायचं का?

पन्हाळ्याची_पोर:
केमिस्ट्रीतनं नेट परीक्षा पास झाले, जेआरएफ म्हणजे पीएचडीची दरमहाची फेलोशिप लागली, पीएचडीला जॉइन होऊन रिपोर्ट पण दिला आणि तेव्हापासनं खात्यात छदाम नाही. सेंटरचं नाव टाकत नाही, उगाच गाईडना त्रास. ऑफिसात विचारलं की "वरनं आलं नाही" एवढंच ऐकायला मिळतंय. वर म्हणजे कुठं ओ? बाबा म्हणतात मंत्र्यांच्या नावानं रजिस्टर पोस्ट कर. हे पैसे मंत्रालय देतंय, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) देतंय का अजून कोण? कोल्हापुरात राजारामपुरीत खोलीभाडं काय चाललंय ते तुम्हाला माहितीच आहे.

गंगावेस_कट्टा:
आधी अवॉर्ड लेटर काढ आणि वर कुणाचं नाव छापलंय बघ. सायन्सवाल्यांची नेट सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसीची मिळून असते, परीक्षा एकच, पण जेआरएफ कुणाला याची लागते कुणाला त्याची. यूजीसी शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागाखाली येतंय, सीएसआयआर मात्र विज्ञान तंत्रज्ञान मंत्रालयाकडं, म्हणजे एकाच लॅबमध्ये एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघींचे पैसे दोन वेगळ्या मंत्रालयातनं येऊ शकतात, हाय की नाही मजा. परीक्षा एनटीए ही केंद्राची संस्था घेते पण पैशाशी तिचा काय संबंध नाही, तिकडं मेल टाकत बसू नको. रक्कम दोन्हीकडं सारखीच, १ जानेवारी २०२३ पासनं महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे सीनियर फेलो झालं की ४२.

लॅबवाली_ताई:
"वरनं आलं नाही" वर विश्वास ठेवू नको गं. यूजीसीची असेल तर दर महिन्याला तुझ्याच ऑफिसातनं पोर्टलवर कन्फर्मेशन जावं लागतंय, एकजण भरणार, दुसरा मंजूर करणार, मेकर आणि चेकर म्हणतात त्यांना. आमच्याकडं मेकरनं भरलेलं आणि चेकर साहेब परीक्षेच्या ड्युटीला, मग काय, सगळ्यांचंच लटकलं. तू गाईडच्या सहीचं हजेरीपत्रक घेऊन जा आणि मेकर कोण, चेकर कोण एवढंच विचार, एंट्री स्क्रीनवर दाखवा म्हण. तिथं नाहीच हललं तर यूजीसीचं ई-समाधान हे तक्रारीचं पोर्टल आहे, नंतर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स. पण मंत्रालयाला केलेली तक्रार यूजीसीकडं, तिथनं विद्यापीठाकडं आणि शेवटी त्याच टेबलावर येऊन पडती, हे डोक्यात ठेव.

रिटायर_गुरुजी:
आमच्या डोळ्यादेखत १९८५ ला शिक्षण मंत्रालयाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं, २०२० ला परत शिक्षण मंत्रालय, पाटी रंगवणाऱ्याचं तेवढं भलं झालं म्हणायचं. खरी गोम वेगळीच आहे पोरी. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, सूचीत गेलं, त्याआधी ते मुख्यतः राज्याचं होतं. आता राज्याच्या विद्यापीठाचा कायदा मुंबईचा, कुलपती राज्यपाल, फेलोशिप दिल्लीची, त्यामुळं जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायला मोकळा. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ ला काढला, दिल्लीचा शिक्षण हक्क कायदा यायला २००९ उजाडलं. तुझं बिल त्यामानानं लवकरच निघेल.

पन्हाळ्याची_पोर:
गुरुजी 😂 लेटर बघितलं, यूजीसीच आहे. ताई, सोमवारी हजेरीपत्रक घेऊन जाते. बाबांनी पत्र लिहून पण ठेवलंय, चांगलं चार पानी, आता त्यांना कसं सांगू. आणि मैत्रीण म्हणते तोवर सारथीच्या फेलोशिपचा फॉर्म भरून टाक, चालतंय का?

गंगावेस_कट्टा:
नको. सारथी राज्य सरकारची, पुण्याची, तिचा शिक्षण मंत्रालयाशी संबंध नाही, आणि एकावेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, पुढं वसुली मागं लागती. त्यापेक्षा हॉस्टेल मिळालं नसेल तर तसा दाखला घेऊन ठेव, घरभाडं वेगळं मिळतंय. केंद्राच्या घरभाड्याच्या यादीत कोल्हापूर वाय म्हणजे मधल्या वर्गात आहे, त्या दरानं बसतंय, आणि क्लार्क स्वतःहून हे सांगत नाही. बाबांचं पत्र सीपीग्राम्सला पीडीएफ करून लाव की, चार पानं वाया कशाला घालवायची.