सर्वात महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या म्हणे! आणि पहिल्या नंबरावर ४२वी?

घाटमाथा:
परवा इथे एकाने 'प्रत्येक नागरिकाला माहीत हव्यात अशा पाच घटनादुरुस्त्या' अशी पोस्ट टाकली. क्रम असा: ४२वी, १०१वी (जीएसटी), ५२वी (पक्षांतरबंदी), ६१वी (१८व्या वर्षी मतदान), ८६वी (शिक्षणाचा हक्क). खाली 'छान माहिती, सेव्ह केली' म्हणून अंगठ्यांची रांग. तिथेच लिहायला बसलो होतो, पण प्रकरण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

४२वी पहिली का, तर 'तिला मिनी राज्यघटना म्हणतात'. अरे बाबा, ही स्पर्धा परीक्षेच्या गाइडातली ओळ आहे. एका मार्काला येते म्हणून ती नागरिकाला महत्त्वाची ठरत नाही. १९७६ साली विरोधी नेते तुरुंगात असताना, स्वतःची मुदत वाढवून घेतलेल्या लोकसभेने ती केली. पाच वर्षांची मुदत सहा केली, घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं लिहून टाकलं. यातलं बरंचसं ४३वी, ४४वी आणि सुप्रीम कोर्टाचा १९८०चा मिनर्व्हा मिल्सचा निकाल यांनी पुसलं. उरलेल्यात लोकांना आठवतात ते उद्देशिकेतले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे दोन शब्द, त्यांवरून भांडायला, आणि मूलभूत कर्तव्यं, जी शाळेच्या पुस्तकात छापलेली असतात आणि मास्तरही वाचत नाहीत.

माझ्या मते पहिला नंबर ४४वीचा, १९७८. आणीबाणीत सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असं ठरवलं की जगण्याचा हक्क स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. ४४वीने सांगितलं की काहीही झालं तरी कलम २० आणि जगण्याचा हक्क देणारं कलम २१ स्थगित होणार नाहीत. 'अंतर्गत अशांतता' हे गुळमुळीत कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवणं सक्तीचं केलं, कारण १९७५ला मंत्र्यांना बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली होती. माझा काका मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबण्याच्या कायद्याखाली, आत होता. त्याला कुठे ठेवलाय हे आजीला कित्येक दिवस कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या घरात हे झालं नाही त्याला जीएसटी महत्त्वाचा वाटणारच.

खारीबटर:
म्हणजे तुमचे काका आत गेले म्हणून ४४वी पहिली. माझ्या काकांना जीएसटीची नोटीस आली आहे, तेव्हा १०१वी पहिली. हिशोब बरोबर ना?

माळावरची:
दोघांचेही काका थोर. पण बाईमाणसाला विचारलंत का? माझ्या लेखी ७३वी, पंचायतींची. ती नसती तर मी सरपंच झाले नसते. पहिल्या मासिक सभेला ग्रामसेवकाने प्रोसिडिंगची वही सही करायला माझ्या नवऱ्यापुढे सरकवली. नवरा शहाणा, तो उठून बाहेर चहाला गेला. पुढे आम्ही बायकांनी आडव्या बाटलीचं मतदान घडवून आणलं, दारूचं दुकान बंद केलं. बायकांना आधी एक तृतीयांश जागा होत्या, आपल्या राज्यात २०११पासून निम्म्या झाल्या. 'सरपंचपती' म्हणून हसणाऱ्यांनी हसावं. पहिल्या खेपेला नवऱ्याने कारभार केला त्या वॉर्डातली बाई दुसऱ्या खेपेला स्वतः बोलायला लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दिल्लीत तुमचं कलम २१ शाबूत आहे की नाही हे गावात कळायला वेळ लागतो. नळाला पाणी आलं नाही हे सकाळी सातला कळतं.

तळटीप:
ताईंचा अनुभव मान्य, पण तिची जुळी बहीण, शहरांच्या पालिकांची ७४वी, तिचं काय झालं ते बघा. कलम २४३यू म्हणतं, पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ला संपली. मतदान जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, तारखांवर तारखा. मी शहरात राहतो. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज उखडून ठेवलं होतं तेव्हा तक्रार कोणाकडे करायची तर माजी नगरसेवकाकडे, आणि तो म्हणायचा, मी आता माजी आहे. घटनेत इतकं स्पष्ट लिहूनही जी दुरुस्ती पाळली जात नाही, तिला महत्त्वाची म्हणायचं की सुंदर?

माळावरची:
मग ४४वीचीही परीक्षा झालीय कुठे? तिच्यानंतर तशी आणीबाणी आलीच नाही.

घाटमाथा:
आली नाही हाच पुरावा नाही का, ताई?

बांधावरून:
तुमचं चालू द्या. पण इतक्या शहाण्या माणसांत एकालाही पहिली घटनादुरुस्ती आठवू नये? १८ जून १९५१. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधी, हंगामी संसदेने केलेली. कलम ३१ब आणि नववं परिशिष्ट तिने आणलं. त्यात टाकलेला कायदा मूलभूत हक्क मोडतो म्हणून रद्द होणार नाही. सुरुवातीला १३ कायदे होते, आज २८४. त्यातले बहुतेक शेतजमिनीचे. आमचा १९६१चा सीलिंग कायदा, म्हणजे एकाने किती शेतजमीन ठेवावी याची मर्यादा, तिथेच बसलाय. जिरायत ५४ एकर, बारमाही बागायत १८ एकर. कारखानदाराने किती कारखाने काढावे याला सीलिंग नाही, बिल्डरने किती फ्लॅट बांधावे याला नाही. फक्त शेतकऱ्याला, आणि वर कोर्टाचं दारही बंद. आमच्याकडे मराठवाड्यात चुलत्याची जमीन 'जादा' म्हणून गेली आणि नंतर वर्षानुवर्षं पडीक राहिली, त्यात बाभळी वाढल्या. ही दुरुस्ती तुमच्या यादीत का नाही? कारण ती गाइडात एका ओळीत संपते.

कातळकडा:
शेवटी कोणीतरी बोललं! आणि तो परिशिष्टातला दुसऱ्या क्रमांकाचा कायदा बघा: मुंबई कुळवहिवाट, १९४८, आपण कुळकायदा म्हणतो तो. पहिल्या १३पैकी सहा कायदे एकट्या मुंबई राज्याचे. कोकणात आमचे आजोबा पोस्टात नोकरीला, बदलीच्या गावी. जमीन शेजारच्याला कसायला लावलेली, विश्वासावर. १ एप्रिल १९५७ उजाडला आणि कायद्याने ती त्याची झाली. आम्ही काही संस्थानिक नव्हतो, घरात दोन वेळचं जेमतेम. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट किंमत, तीही हप्त्याने. आजी म्हणायची, हप्त्याच्या पैशात एक पातळ येत नाही. आणि ज्यांना फुकटात मिळाली ते आज त्याच जमिनीवर रिसॉर्ट बांधून आम्हाला 'या की कधी राहायला' म्हणतात.

कुळाचा नातू:
'फुकटात' हा शब्द मागे घ्या. मग पुढे बोलू.

कातळकडा:
का? झोंबला?

कुळाचा नातू:
हो, झोंबला. माझ्या पणज्याने ती जमीन दगड काढून भातखाचर केली. निम्मं भात गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरी जायचं, सणाला वेठ वेगळी, आणि खोताच्या अंगणातून जाताना चपला हातात. बाबासाहेबांनी १९३७ला मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं ते उगाच नाही. कुळकायद्याच्या ३२ग खाली ठरलेली किंमत आमच्या आजोबांनी गुरं विकून भरली, पावत्या अजून ट्रंकेत आहेत. तुमच्या आजोबांना पोस्टाचा पगार होता. आमच्या आजोबांना ती जमीन सोडून काही नव्हतं. नवव्या परिशिष्टाने संरक्षण दिलं नसतं तर तुमच्यासारखे शिकलेले लोक वीस वर्षं कोर्टात खेळवत बसले असते. बिहारमध्ये तेच चाललं होतं. पाटणा हायकोर्टाने जमीनसुधारणेचा कायदा रद्द केला म्हणून तर पहिली दुरुस्ती आली.

कातळकडा:
आम्ही खोत नव्हतो. दोन एकरांचे मालक होतो. सगळ्यांना एका काठीने हाकायचं असेल तर चर्चा कशाला?

तळटीप:
जरा थांबा दोघे. कायद्याने सगळ्यांना एका काठीने हाकलं नव्हतं. मालक विधवा, अल्पवयीन किंवा अपंग असेल तर ३२फ खाली कुळाची खरेदी पुढे ढकलली जायची. पोस्टातला माणूस त्यात बसत नाही, हे तुमचं दुर्दैव, कातळकडा. आणि बांधावरून, कोर्टाचं दार पूर्ण बंद नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००७च्या कोएल्हो निकालानंतर, २४ एप्रिल १९७३नंतर परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात.

बांधावरून:
वकीलसाहेब, कुळकायदा आणि सीलिंगचा मूळ कायदा त्या तारखेच्या आधीचे. म्हणजे ज्याने आम्हाला मारलं त्याला माफी आणि नंतरच्यांची चौकशी. धन्यवाद.

आणि माझं बोट कुळाकडे नाहीच. कसणाऱ्याला जमीन मिळाली, चांगलं झालं. माझा प्रश्न एवढाच की तो कायदा चांगला होता तर त्याला कोर्टापासून लपवायची गरज का पडली? चांगला कायदा कोर्टात टिकतो.

कुळाचा नातू:
१९५१ची कोर्टं कोणाची होती हे तुम्हाला माहीत आहे. तिथे बसलेल्यांच्या सात पिढ्यांत कोणी कूळ नव्हतं.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) कायदा १९७५चा, तरी अजून भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार कोर्टात एकमेकांकडे बघत बसलेले असतात. त्यामुळे हे भांडण काय मला नवं नाही. पण बाराव्या दुरुस्तीचं नाव कोणी घेत नाही म्हणून लिहितो. १९६२ची. तिने गोवा, दमण, दीव घटनेत आले. तुम्ही हक्क मोजताय, आम्हाला त्या दुरुस्तीने घटनेत जागाच मिळाली. पुढे ५६वी, १९८७ला राज्य, आणि ७१वीने १९९२ला कोकणी आठव्या परिशिष्टात. आता इथे कोणीतरी 'कोकणी ही बोली आहे' म्हणेल, त्याला आगाऊ नमस्कार.

खारीबटर:
कोकणी ही...

मांडवीकाठ:
नमस्कार.

घाटमाथा:
धागा घटनादुरुस्त्यांचा आहे, लोकहो. कुळकायद्याचा वेगळा काढा. मी एवढंच म्हणतोय की माणसाला अटक करून गायब करता येणार नाही ही हमी बाकी सगळ्याच्या आधी येते. जमीन, सरपंचपद, भाषा, सगळं त्यानंतर.

बांधावरून:
घाटमाथा, एक विचारतो. तुम्ही ज्या ४४वीला डोक्यावर घेतलंय, तिनेच मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला. १९(१)(फ) गेलं, कलम ३१ गेलं, ३००अ नावाचा साधा हक्क उरला. काका सुटले, चुलता बुडाला. हे सांगायचं राहिलं की मुद्दाम गाळलं?

घाटमाथा:
गाळलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. ३००अ आजही सांगतं की कायद्याशिवाय मालमत्ता घेता येणार नाही, आणि त्यासाठी हायकोर्टात जाता येतं. फक्त कलम ३२ने थेट सुप्रीम कोर्टात जाता येत नाही.

बांधावरून:
'फक्त'! गेवराईच्या शेतकऱ्याला हायकोर्टही 'फक्त'च असतं.

तळटीप:
दोघांसाठी माहिती, कोणाची बाजू नाही: मालमत्तेचा हक्क गेला तरी ३१अ मधलं एक परंतुक, म्हणजे अट, शिल्लक आहे, १७व्या दुरुस्तीचं, १९६४. मालक स्वतः कसत असलेली आणि सीलिंगच्या आतली जमीन सरकारने घेतली तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येत नाही. त्याच १७वीने आणखी ४४ कायदे परिशिष्टात कोंबले, हेही सांगतो, नाहीतर बांधावरून मला सरकारी वकील म्हणतील.

बांधावरून:
म्हणणारच होतो. बरं, १७वीचं ते परंतुक चांगलं आहे. एका वाक्यापुरतं.

माळावरची:
पहिल्या दुरुस्तीचं एकच टोक सगळे ओढताहेत. तिच्यातच १५(४) आलं. मद्रासचं जातवार प्रवेशाचं धोरण कोर्टाने चंपकम दोराईराजन खटल्यात मोडलं होतं, म्हणून मागासवर्गीयांसाठी शिक्षणात खास तरतूद करता येईल असं घटनेत लिहावं लागलं. माझी मुलगी आज सरकारी कॉलेजात नर्सिंग शिकते ती त्या कलमामुळे. आणि त्याच दुरुस्तीने बोलण्याच्या स्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे बंधनही आणलं. देणारा हात आणि घेणारा हात एकच. तेव्हा यादीत तिला कुठे बसवायचं ते तुम्ही पुरुषमंडळी भांडून ठरवा.

कुळाचा नातू:
ताई, पहिली. दुसरी, तिसरी काही नको.

घाटमाथा:
ठीक आहे, पहिली घेऊ यादीत. पण ४४वीच्या खाली. बोलण्याचं तोंड बांधणारी दुरुस्ती मी वर ठेवणार नाही, मग तिने कितीही जमिनी वाटल्या असोत.

कातळकडा:
वाटल्या! बघा, तुम्हीच म्हणालात.

कुळाचा नातू:
तळटीप, एक खरंखुरं विचारायचं होतं. आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात अजून कुळकायद्याचा 'कलम ४३च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे. बँक कर्जाला कुरकुर करते. काढता येतो का?

तळटीप:
३२मचं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्र होऊन दहा वर्षं झाली असतील तर येतो. २०१४च्या सुधारणेपासून आकाराच्या ४० पट रक्कम भरली की विक्रीला वेगळी परवानगी लागत नाही. प्रमाणपत्राची नक्कल आणि जुने फेरफार घेऊन तहसीलला अर्ज करा. तलाठ्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका.

कातळकडा:
आकाराच्या ४० पट म्हणजे किती होतात?

कुळाचा नातू:
आमच्या तुकड्याचे दोनशेच्या आसपास.

कातळकडा:
वा. आणि मग विकणार किती कोटीला?

कुळाचा नातू:
विकायची नाही. विहिरीला कर्ज काढायचंय. तुम्हाला पाहिजे तर पावत्यांचे फोटो व्यनि (खासगी निरोप) करतो, किती हप्ते भरले ते मोजा.

कातळकडा:
करा. मोजतो.