मदत हवी आहे : नवतप्याच्या कडक उन्हात निऑन टेट्रा मासे कसे जगवायचे?

भाऊ-ताई हो, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडं. घरी माशांची दोन फुटी टाकी आहे, त्यात निऑन टेट्रा अन् गप्पी. सध्या दुपारी पाणी ३३ अंशांवर जाते, अन् टेट्रा वर येऊन तोंडं उघडझाप करतात. गप्पी मजेत आहेत, त्यांना आमचं ऊनही मानवते अन् बोअरचं जड, क्षारांचं पाणीही. टेट्रा पडले अमेझॉनच्या खोऱ्यातले, झाडांच्या सावलीतल्या मऊ, कमी क्षारांच्या पाण्यातले. त्यांना २० ते २६ अंशच बरं.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप चालूच ठेवतो. पण भरदुपारी लाईन गेली की पंपही बंद अन् फिल्टरही.

शेजारचे काका म्हणतात बर्फ टाक. एकदम गार केलं तर माशांना झटका बसतो, म्हणून ते नको. झाकण काढून पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर उडते. क्षार मात्र टाकीतच राहतात, अन् वरून बोअरचंच पाणी भरलं तर ते आणखी जड होणार. मग उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या कॅनमधून केली तर चालेल का?

दुकानदार चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशीन, घ्या म्हणतो. त्या पैशात शेळी येईल!

कोणी उन्हाळ्यापुरते टेट्रा मातीच्या नांदीत, सावलीत ठेवले आहेत का? अन् बॅटरीवरचा पंप एका चार्जिंगवर खरंच किती तास चालतो? वापरणाऱ्यांनीच सांगा.