मदत हवी आहे: सीलच्या वाणाचं काय करू?

अलास्कात नेल्सन बेटावरच्या युपिक या मूळनिवासी लोकांच्या एका गावात शिक्षिका आहे. रस्ता नाही, बेथेलहून छोटं विमान येतं. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एका विद्यार्थ्याने पहिला सील मारलाय. अशा वेळी त्याच्या घरच्या बायका गावातल्या बायकांना सीलची चरबी आणि कच्चं मांस वाटतात, मग दारातून कापड, खाऊ, सुई-दोरा वगैरे उधळतात. याला 'उकिकुक' म्हणतात. (बोरन्हाणच आठवलं मला!) आमंत्रण आलंय आणि जायचंच आहे.

अडचण वाट्याची. इथल्या समजुतीप्रमाणे सील स्वतःहून शिकाऱ्याच्या हाती येतो, म्हणून त्याचं मांस वाया घालवणं हा अनादर. त्यामुळे घरी आणून टाकून देणं बादच. सहशिक्षिकेला विचारलं, ती हसून म्हणाली, "पिशवी घेऊन ये." पोराच्या आजीशी बोलून पाहिलं, पण मला युपिक येत नाही आणि नातवाला दुभाषा करणं बरं वाटेना. मागे आकुतक नाकारलं होतं (बेरी आणि चरबीचं, त्यात बहुधा सीलचं तेलही असतं), तेव्हा यजमानीणबाईंचा चेहरा उतरला होता. ते पुन्हा नको.

नियम मोडून खा, असा सल्ला नको. युपिक गावात राहिलेलं किंवा शिकवलेलं कुणी असेल तर एवढंच सांगा: वाटा हसत घेऊन नंतर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दिला तर चालतं, की घरच्यांना आधीच सांगायला हवं?