प्रतिसाद: रोजचं वाचन लेवीयपाशी का अडतं

वर्षात अख्खं बायबल संपवायचा प्लॅन दरवेळी लेवीयच्या पुस्तकापाशी, म्हणजे बायबलमधल्या तिसऱ्या, यज्ञ आणि नियमांच्या पुस्तकापाशी, सुटतो असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय ते अगदी पटलं, पण म्हणून रोजचं वाचनच सोडा हा त्यातला सल्ला मला नाही पटत. 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनाहून जास्त, त्यात मनन कुठून होणार, नुसती पानं उलटली जातात. त्यापेक्षा स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, 119 वं स्तोत्र घेऊन बघा, 176 वचनं आहेत आणि हिब्रूच्या 22 अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांचे 22 भाग, आलेफपासून ताव्हपर्यंत, मराठी बायबलमध्ये ही नावं छापलेली पण असतात. रोज एकच भाग.

आई आजारी होती तेव्हा मी हेच करायचे, पहाटे तिला औषध दिलं की आठ वचनं मोठ्याने वाचायची, मग त्यातलं एकच वचन घेऊन प्रार्थना, आणि तेच दिवसभर मनात घोळत राहायचं. चौथ्या दिवशी दालेथ हा चौथा भाग आला, जीव धुळीला चिकटलाय असं त्यात सुरुवातीलाच आहे, ते वाचून मी रडले आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा पाठ केलेली नाही तर माझी स्वतःची प्रार्थना केली. 22 दिवस झाले की परत आलेफ, अजून चालू आहे.